रावराजा हनुतसिंग : पोलोचा खेळाडू आणि गुरू



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे. गोंदियाचा आणि पोलोचा संबंध काय? आपले हे गाव धानाचे, भाताच्या गिरण्यांचे, तेंदूच्या पानांचे आणि रेल्वेच्या जंक्शनचे. पोलोचे मैदान इथून शेकडो कोसांवर. आपल्या मुलांना पोलो म्हणजे मधोमध भोक असलेली पेपरमिंटची पांढरी गोळी एवढेच ठाऊक. माझ्याविषयी म्हणाल, तर मी जन्मात एकदाच घोड्यावर बसलो आणि तेही वरातीत, दोन माणसांनी लगाम धरलेला असताना. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार प्रेक्षकाचा आणि वाचकाचा आहे, त्याहून अधिक नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

तरीही संबंध अगदीच नाही असे नाही. या दिवसांत आपण नवेगाव बांधच्या किंवा नागझिऱ्याच्या वाटेने गेलात तर दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला दिसतो. अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी'त अकबर बादशहाच्या करमणुकींचे वर्णन केले आहे, त्यात घोड्यावरून चेंडू टोलविण्याच्या खेळाचे एक प्रकरण आहे. त्या काळी या खेळाला चौगान म्हणत. बादशहाला त्याचे इतके वेड, की अंधाऱ्या रात्रीही खेळ थांबू नये म्हणून पेटत्या चेंडूने खेळण्याची युक्ती काढली होती. आणि तो चेंडू करीत पळसाच्या लाकडाचा. कारण पळसाचे लाकूड हलके असते आणि ते हळूहळू, पुष्कळ वेळ धुमसत राहते. आपण ज्याची पत्रावळ करतो आणि ज्याच्या फुलांचा रंग होळीला अंगावर घेतो, तोच हा पळस. तेव्हा झाडीपट्टीने या खेळापासून अगदीच तोंड फिरवून बसण्याचे कारण नाही.

पण मी आज अकबराविषयी बोलणार नाही. मला ज्या पुरुषाचे स्मरण करावयाचे आहे तो आपल्या अगदी अलीकडच्या काळातला, १९०० साली जन्मलेला आणि १९८२ साली निवर्तलेला. त्यांचे नाव रावराजा हनुतसिंग. मुक्काम जोधपूर. भारतात जे पोलोपटू झाले त्यांत त्यांची गणना पहिल्या पंक्तीत होते. मात्र ते उत्तम खेळत म्हणून मी त्यांना इथे आणलेले नाही. उत्तम खेळणारे आणखीही होते. त्यांच्याबरोबर जो खेळे तो आपल्या नेहमीच्या मापापेक्षा बरा खेळे, असा त्यांचा लौकिक होता, आणि हा गुण मला दुर्मीळ वाटतो. त्या गुणाची किंमत कळावी यासाठी आधी खेळ समजून घेतला पाहिजे. थोडा धीर धरावा.

आपल्याकडे शंकरपट पुष्कळांनी पाहिलेला आहे. मध्यंतरी न्यायालयाच्या आदेशाने तो काही वर्षे बंद होता, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याचा मार्ग कायमचा मोकळा झाला. पटात आपण काय पाहतो? जोडी कशी सुटली, धुरकरी कसा बसला, बैल एकमेकांना धरून धावले की एकाने दुसऱ्याला ओढले, हे आपले जाणते लोक डोळ्यांनी टिपतात. कोणता बैल कोणत्या अंगाला जुंपावा यावर गावोगाव वाद होतात. म्हणजे जनावर, माणूस आणि वेग या तिघांचा मेळ काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आता अशी कल्पना करा की पट सरळ रेषेत नाही, दहा एकरांच्या सपाट रानात आहे. त्यात एकाच वेळी आठ घोडेस्वार धावत आहेत. चौघे एका बाजूचे, चौघे दुसऱ्या बाजूचे. आणि सगळ्यांचे लक्ष पेरूएवढ्या एका पांढऱ्या चेंडूवर आहे. हा पोलो.

दहा एकर मी सहज बोललो नाही. मैदान तीनशे यार्ड लांब आणि, कडेला फळ्या लावल्या असतील तर, एकशेसाठ यार्ड रुंद असते. गुणाकार केला तर जवळजवळ दहा एकर भरतात. इतकी सलग, बांधी न पाडलेली जमीन आपल्या भागात एका ठिकाणी दाखवा म्हटले तर पंचाईत पडेल. दोन्ही टोकांना आठ यार्डांच्या अंतरावर दोन-दोन खांब. त्यांच्यामधून चेंडू गेला की गोल. खांब मुद्दाम हलके करतात, घोडा आदळला तर खांब मोडावा, घोडा मोडू नये म्हणून. प्रत्येक गोलानंतर दोन्ही बाजू आपापली दिशा बदलतात, त्यामुळे नवख्या प्रेक्षकाला आपला संघ कोणता हेच काही वेळ कळत नाही. स्वाराच्या उजव्या हातात सुमारे चार फुटांहून थोडी लांब वेताची छडी, तिच्या टोकाला आडवी लाकडी हातोडी. चेंडू मारावयाचा तो हातोडीच्या अंगाने, टोकाने नव्हे. डावखुऱ्यालाही उजव्याच हाताने खेळावे लागते. नाही तर समोरासमोर येणाऱ्या दोघांची टक्कर अटळ होईल.

खेळाचे भाग पाडलेले असतात, एकेक भाग सुमारे सात मिनिटांचा. त्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो दुसरे तिसरे काही नसून आपला 'चक्कर' आहे. विलायतेला जाऊन तो 'चकर' झाला. साधारणपणे सामन्यात चार ते सहा चक्कर असतात. सातच मिनिटे का? कारण घोडा. भरधाव वेगात धावणे, थांबणे, जागच्या जागी फिरणे आणि पुन्हा धावणे हे सात मिनिटांपेक्षा जास्त कोणत्याही जनावराकडून करवून घेऊ नये असा दंडक आहे. म्हणून प्रत्येक चक्कराला घोडा बदलतात. एका खेळाडूमागे चार-सहा घोडे आले, त्या घोड्यांमागे मोतद्दार आले, वैरण आली, नालबंद आला. हा खेळ राजेरजवाड्यांचा आणि रिसाल्यांचा का राहिला याचे उत्तर या हिशेबातच आहे.

मध्यंतरात एक मजेदार रीत आहे. टापांनी उखडलेली ढेकळे पायांनी पुन्हा दाबून बसवायला प्रेक्षकांनाच मैदानात बोलावतात. राणीसाहेब असोत की कारकून, सगळे ढेकळे तुडवीत हिंडतात. चिखलणीच्या आपल्या लोकांना हे काम उत्तम जमेल.

आता या खेळाचा जो मुख्य नियम, तो जंक्शनच्या गावाला समजावून सांगणे सोपे आहे. एका रुळावर एका वेळी एकच गाडी. चेंडू मारला की तो ज्या रेषेत धावतो ती रेषा म्हणजे त्या क्षणापुरता रूळ. त्या रुळावर जो आधी आणि योग्य बाजूने आला त्याचा तो मार्ग. दुसऱ्याने तो आडवा कापला की गुन्हा. हा नियम नसता तर पहिल्याच चक्करात माणसे मेली असती. पण नियमात एक सवलत आहे. मार्गावर असलेल्या स्वाराच्या शेजारी घोडा घालून, खांद्याला खांदा आणि गुडघ्याला गुडघा लावून, त्याला हळूहळू रेषेवरून ढकलून काढता येते. यात ताकद घोड्याची, पण कोन माणसाने साधावयाचा. कोन जरा चुकला तर धोका, जरा उशीर झाला तर चेंडू गेला.

चौघांना एक ते चार असे क्रमांक असतात. पहिला पुढे जाणारा, चौथा मागे राखण करणारा, आणि तिसऱ्याकडे बहुधा संघाची आखणी. आणि इथे एक गोष्ट येते जी नवख्याला पटत नाही. पोलोत चांगला खेळाडू बराच वेळ चेंडूकडे जातच नाही. तो जातो प्रतिपक्षाच्या माणसाकडे, त्याला रेषेवरून हलवतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या रेषेवरून त्याचा सोबती येऊन चेंडू मारतो. टाळ्या सोबत्याला. ज्याने वाट मोकळी केली तो तोपर्यंत पन्नास हात दूर गेलेला असतो. मागच्याने 'सोड' म्हणून हाक दिली की हाताशी आलेला चेंडू सोडून द्यावयाचा, हे तर तरुण खेळाडूला शिकवणे म्हणजे भुकेल्या मुलापुढचे ताट उचलण्यासारखे आहे. चेंडू मारणे वर्षा-दोन वर्षांत येते. चेंडू सोडणे शिकवायला गुरू लागतो.

खेळाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळ पुस्तकांत आहे. इराणपासून मध्य आशियापर्यंत तो प्राचीन काळापासून होता. दिल्लीचा पहिला सुलतान कुतबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मेला. मोगलांनंतर मैदानी मुलखात खेळ मागे पडला. डोंगरात मात्र राहिला, एकीकडे गिलगिट-बाल्टिस्तानात आणि दुसरीकडे मणिपुरात. 'पोलो' हा शब्द बाल्टी भाषेतील 'पुलु' म्हणजे चेंडू यावरून आला. मणिपूरच्या लोकांचा खेळ 'सगोल कांगजेई'. तो सिल्चरच्या बाजूला चहाच्या मळेवाल्या इंग्रजांनी पाहिला आणि १८५९ मध्ये तिथे क्लब काढला. तीन वर्षांनी कलकत्त्यात निघाला. १८६९ मध्ये इंग्लंडात पहिला सामना झाला. म्हणजे हा खेळ साहेबाने आपल्याला दिला असे जे सांगतात ते उलटे आहे. आपण दिला, आणि तो आपल्याकडे टाय लावून परत आला.

जोधपूरला तो रुजला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि रुजविणारे होते सर प्रतापसिंग, हनुतसिंगांचे वडील. हा गृहस्थ एक स्वतंत्र व्याख्यान मागतो. १८४५ सालचा जन्म, जोधपूरचे कारभारी, काही काळ इडरचे राजे. जोधपूरचा रिसाला त्यांनी उभा केला. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला ते इंग्लंडला गेले, तेव्हा मांडीवर सैल आणि पोटरीवर घट्ट अशी त्यांची स्वारीची विजार इंग्रजांनी पाहिली आणि उचलली. आजही जगभर तिला जोधपूरचेच नाव आहे. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा सत्तरीला टेकलेला हा म्हातारा रिसाल्याबरोबर फ्रान्सला गेला. याच रिसाल्याने पुढे २३ सप्टेंबर १९१८ रोजी मशीनगनांच्या तोंडावर घोडे घालून हैफा शहर घेतले. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्या आणि त्यांच्या बरोबरच्या संस्थानी रिसाल्यांच्या स्मरणाचा आहे.

अशा बापाच्या घरी हनुतसिंग वाढले. घोड्यावर बसणे तिथे शिकवीत नसत. न बसणे हीच नवलाची गोष्ट असावी. 'रावराजा' ही पदवी ऐकून मात्र आपली गैरसमजूत होऊ नये. जोधपूरच्या रीतीप्रमाणे राजवंशातील ज्या मुलांना गादीचा वारसा नसे त्यांना हा किताब मिळे. म्हणजे नावात राजा, पण राज्य नाही. या मुलांना जे काही मिळवावयाचे ते तलवारीने किंवा घोड्याने. हनुतसिंगांच्या पुढच्या आयुष्यात राजेलोक त्यांच्या शब्दावर चालताना दिसतात, तेव्हा हा तपशील मला नेहमी आठवतो.

१९२२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडचे युवराज दिल्लीला आले, त्यानिमित्त मोठी स्पर्धा भरली. अंतिम सामना जोधपूर विरुद्ध पतियाळा. पतियाळाचा संघ त्या काळी दबदब्याचा. सर प्रताप स्वतः पाहायला हजर. जोधपूर जिंकले. त्या संघात एकवीस वर्षांचे हनुतसिंग होते. त्याच वर्षी सप्टेंबरात सर प्रताप वारले. बापाने मुलाचा पाहिलेला हा शेवटचा मोठा विजय असावा.

पोलोत खेळाडूची किंमत आकड्याने ठरवितात. ही पद्धत १८८८ मध्ये अमेरिकेत निघाली आणि पुढे सर्वत्र गेली. वजा दोनपासून दहापर्यंत आकडे. त्यांना 'गोल' म्हणतात, पण त्याचा मारलेल्या गोलांशी काही संबंध नाही. आपल्याकडे परीक्षेत जसा वर्ग, तसा हा. नवशिका वजा दोन, आणि दहा म्हणजे जगात मोजके, आज बहुतेक सगळे अर्जेंटिनाचे. दोन संघांच्या बेरजेत फरक असेल तर दुबळ्या संघाला काही गोल आधीच बहाल करतात. पटाला पुढे सुटका देतात तसे. हा आकडा ठरविताना पंच काय पाहतात? फटका पाहतात, घोडेस्वारी पाहतात, आणि तो माणूस संघाला किती उपयोगी पडतो हेही पाहतात. हनुतसिंगांचा आकडा नऊ होता.

आता १९३३. जयपूरचे महाराज सवाई मानसिंग तेव्हा एकविशी-बाविशीचे. दत्तक जाऊन लहानपणीच गादीवर आलेले, उमदे, आणि पोलोवेडे. त्यांनी इंग्लंडला संघ न्यावयाचे ठरविले. संघ कसा? स्वतः महाराज, रावराजा अभयसिंग, पृथ्वीसिंग, आणि हनुतसिंग. हनुतसिंग तेव्हा तेहतीस वर्षांचे, महाराजांपेक्षा दहा-अकरा वर्षांनी वडील, आणि मैदानावरची मसलत त्यांची. घोडे, मोतद्दार, खोगिरे, छड्या हा सगळा लवाजमा जहाजाने समुद्रापार गेला. ज्याला आपली गाय शेजारच्या गावी नेताना घाम फुटतो त्याने विचार करून पाहावा, की आठवडेच्या आठवडे बोटीच्या पोटात उभे राहिलेल्या घोड्याला विलायतेच्या थंडीत उतरवून पुन्हा धावण्याजोगा करणे हे काय काम आहे. चेंडू मारणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. मोतद्दाराचे येत नाही.

त्या हंगामात जयपूर संघाने इंग्लंडातील सगळ्या मोठ्या खुल्या स्पर्धा जिंकल्या. हर्लिंगहॅमचा चषक घेतला, रॅनेलाचा घेतला. ज्या मैदानांवर इंग्रज हा खेळ आपला म्हणून मिरवीत होते, तिथेच संस्थानातून आलेल्या चौघांनी त्यांना हरविले. गुलाम देशातल्या प्रेक्षकाला याचा आनंद कसा झाला असेल हे मी सांगावयास नको. परंतु कौतुक करताना हेही विसरू नये की त्या घोड्यांची वैरण रयतेच्या साऱ्यातून आली होती. पोलोच्या वैभवाचा हा हिशेब कोणी मांडला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. मी स्वतः ही दोन्ही माणसे मनात बाळगून आहे, टाळ्या वाजविणारा आणि हिशेब मागणारा.

मला या संघात आकर्षक वाटते ते नाते. मैदानाबाहेर मानसिंग महाराज, आणि हनुतसिंग गादी नसलेले सरदार. मैदानात हाक हनुतसिंगांची, आणि महाराजांनी ती ऐकावयाची. पोलोत हाक ऐकली नाही तर हार एवढेच होत नाही, माणूस मरतो. म्हणून तिथे मुजऱ्याला वेळ नसतो. शिष्य राजा असणे हे गुरूला सोपे नसते. पुराणांत याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि बहुतेक ठिकाणी गुरूला काहीतरी पडते घ्यावे लागले. इथे तसे झालेले दिसत नाही. त्या दोघांचे खेळातील सख्य पुढे तीस-पस्तीस वर्षे टिकले.

आणि दुसरा शिष्य घोडा. पोलोचा घोडा जन्मत नाही, घडवावा लागतो. शर्यतीच्या घोड्याला सरळ धावणे ठाऊक असते. त्याला थांबणे शिकवायचे, मागच्या पायांवर वजन घेऊन वळणे शिकवायचे, कानाजवळून छडी फिरली तरी न बुजणे शिकवायचे, आणि शेवटी दुसऱ्या घोड्याला खांदा देऊन ढकलणे शिकवायचे. यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. घाई केली तर घोडा कायमचा बिघडतो. आपले बैलवाले गोऱ्हा शिकविताना आधी रिकाम्या जुवाने फिरवितात, तसेच इथेही चालीवर, मग दुडक्यावर, आणि वेग सर्वांत शेवटी. माणसाच्या शिक्षणासाठी लाकडी घोडा असतो. उतरत्या जमिनीच्या, जाळीने वेढलेल्या खड्ड्यात तो उभा करतात. त्यावर बसून चेंडू मारावा, तो उतारावरून परत पायाशी येतो, पुन्हा मारावा. शेकडो वेळा. बाहेरून पाहणाऱ्याला हसू येते. हनुतसिंगांची कीर्ती अशा घडविण्यासाठीच होती. जोधपूर-जयपूरच्या कित्येक खेळाडूंच्या आणि घोड्यांच्या अंगी जी शिस्त दिसे ती त्यांच्या तालमीची म्हणून ओळखली जाई.

१९३९ ला दुसरे महायुद्ध आले आणि हे सगळे जग उलटेपालटे झाले. सैन्यातील रिसाल्यांचे घोडे जाऊन रणगाडे आले. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली. तबेले ओस पडले. फाळणीने लाहोर-रावळपिंडीची मैदाने पलीकडे गेली. ऑलिंपिकमधून पोलो १९३६ च्या बर्लिनच्या सामन्यांनंतर कायमचा बाहेर पडला होताच. हा खेळ आता भारतात संपला, असे म्हणणारे शहाणे तेव्हा थोडे नव्हते. आणि त्यांचे गणित चुकीचे नव्हते. ज्या पैशावर खेळ चालला होता तो पैसा गेला होता. राहिले होते काय? काही माणसांच्या अंगातली विद्या.

१९५३ मध्ये सैन्याने, संस्थानांचे उरलेले घोडदळ एकत्र करून, एकसष्टावी कॅव्हलरी ही घोड्यांची पलटण उभी केली. तिच्यात शिंद्यांच्या ग्वाल्हेर लान्सर्सचाही वाटा होता हे मराठी माणसाने लक्षात ठेवावे. भीमथडीच्या तट्टांची परंपरा अगदीच विझली नव्हती. पुढे भारतीय पोलोला पुष्कळ खेळाडू या पलटणीने दिले. म्हणजे खेळ राजवाड्यातून बराकीत आला. तो बदल करण्यास जुने जाणते खेळाडू मधे उभे नसते तर बराकीला काय शिकवावे हेच कळले नसते.

मग १९५७ उजाडले. फ्रान्सच्या समुद्रकाठी दोव्हिल म्हणून गाव आहे. तिथे सुवर्णचषकाची स्पर्धा, जी जागतिक अजिंक्यपदाची म्हणून गाजली. स्वतंत्र भारताचा संघ गेला. कर्णधार मानसिंग महाराज, आता चाळिशी ओलांडलेले आणि राज्य नसलेले. दुसरे मेजर किशनसिंग. तिसरे कुंवर विजयसिंग. आणि चौथे हनुतसिंग, वय सत्तावन्न. विजयसिंग हे त्यांचे चिरंजीव. म्हणजे एका संघात चोवीस वर्षांपूर्वीचा राजा-शिष्य, पोटचा मुलगा, आणि या दोघांना हाक देणारा म्हातारा. सत्तावन्न म्हणजे आपल्याकडे निवृत्ती जवळ आलेले वय. त्या वयाला हा गृहस्थ भरधाव घोड्यावरून दुसऱ्याच्या घोड्याला खांदा देत होता. भारताने चषक जिंकला. १९३३ चा विजय जयपूरच्या नावावर लागला होता. हा देशाच्या नावावर लागला.

दुसऱ्या वर्षी, १९५८ मध्ये, हनुतसिंगांना पद्मभूषण मिळाले, आणि १९६४ मध्ये अर्जुन पुरस्कार. अर्जुन पुरस्कार तरुण खेळाडूंचा समजला जातो. तो घेताना हे चौसष्ट वर्षांचे होते. आणि तो केवळ जुन्या पराक्रमाचा सत्कार नव्हता. साठी उलटल्यावरही ते उन्हाळ्यात इंग्लंडला जात, तिथल्या संघातून खेळत आणि खेळवीत. त्यांचा आकडा वयाप्रमाणे उतरला होता, हे ओघानेच आले. परंतु हात मंदावला तरी रेषा वाचणारा डोळा मंदावत नाही. चेंडू कुठे जाणार हे ज्याला आधी कळते त्याला घोडा फार पळवावा लागत नाही. ज्या देशाच्या मैदानांवर त्यांनी तरुणपणी चषक जिंकले होते, त्याच देशाची पुढची पिढी त्यांच्याकडून धडे घेत होती. सिल्चरहून निघालेल्या खेळाने असा एक पूर्ण चक्कर मारला.

मानसिंग महाराज २४ जून १९७० रोजी इंग्लंडात सायरनसेस्टर येथे पोलोच्या मैदानावर कोसळले आणि गेले. खेळता खेळता. अठ्ठावन्न वर्षांचे. गुरू त्यानंतर बारा वर्षे जगला. शिष्य आधी जाण्याचे दुःख ज्यांच्या वाट्याला आले आहे अशी माणसे या सभागृहातही असतील; मी त्यावर अधिक बोलत नाही. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले, आणि १९८२ मध्ये हनुतसिंग गेले.

विद्या माणसाबरोबर कशी जाते याचे दुसरे एक उदाहरण याच खेळातले आहे, आणि ते बांबूच्या मुलखात सांगण्याजोगे आहे. पोलोचा चेंडू पुष्कळ वर्षे बांबूच्या जमिनीखालच्या गड्ड्याचा करीत. बंगालमध्ये हावड्याजवळ देऊलपूर नावाचे गाव आहे. तिथले कारागीर गड्डा निवडून, वाळवून, तासून, रंगवून तो सव्वातीन इंचांचा गोळा करीत, आणि देशोदेशी तो चेंडू जाई. मग प्लॅस्टिकचा चेंडू आला. तो फुटत नाही, वाकडा होत नाही, स्वस्त पडतो. देऊलपूरचे काम बसले. कारागिरांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली, आणि त्यांना दोष कोणी द्यावा? आपल्या बुरूड बांधवांना हे नवे नाही. देऊलपूरच्या चेंडूला शिष्य मिळाले नाहीत. हनुतसिंगांच्या हाकेला ते मिळाले. घोडा अजून प्लॅस्टिकचा निघालेला नाही, हेही त्याचे एक कारण असेल.

आज हा खेळ आपल्या देशात जयपूर-जोधपूरला, दिल्लीला, पलटणींत, आणि ज्या मणिपुरात तो जन्मला तिथे खेळला जातो. आपल्या महाराष्ट्रात पाहावयाचा तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. नागपूरहून जयपूरला जाणे आता काही अवघड राहिलेले नाही, आणि आपल्यापैकी कोणी थंडीत यात्रेला त्या बाजूला जाणार असेल तर रामबागच्या मैदानावर सामना आहे का याची चौकशी जरूर करावी.

आणि गेलात तर एक करा. पहिले एक चक्कर चेंडूकडे पाहा, कारण ते केल्यावाचून मन राहणारच नाही. दुसऱ्या चक्करापासून चेंडू सोडून द्या. ज्याच्या छडीला चेंडू लागलेला नाही अशा कोणा एका स्वारावर नजर ठेवा. तो प्रतिपक्षाच्या माणसाशेजारी घोडा घालील, दोघे गुडघ्याला गुडघा लावून पंधरा-वीस ढांगा धावतील, आणि मग दोघेही चेंडूच्या रेषेवरून बाजूला जातील. मागून तिसराच कोणी येऊन फटका मारील. लोक उठून उभे राहतील. त्या वेळी आपला हा स्वार काय करतो ते पाहा. तो मागे वळून पाहत नाही. तो पुढच्या माणसाच्या शोधात निघालेला असतो.